राक्षस मेला, पण स्टेन्सिल फाटली

ड्रॅगन मारायला वीस बाजूंचा एक फासा पुरतो. त्या पराक्रमाचा वृत्तांत छापायला काय काय लागतं, ते मात्र कुठल्याच नियमपुस्तिकेत नव्हतं.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, काल्पनिक वीरांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ 1974 मध्ये आला. तीन पातळ पुस्तिका, आणि वर सल्ला असा की 'चेनमेल' या लढाईच्या खेळाचे नियम आणि 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या आणखी एका खेळाचा पटही जवळ असू द्या. नियम इतके मोघम, की दर टेबलावर वेगळा पंथ. साहजिकच पत्रापत्री सुरू झाली. लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथाप्रेमींच्या साप्ताहिक संकलनात या खेळाची चर्चा एवढी माजली, की ली गोल्ड यांनी जून 1975 मध्ये 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' हे वेगळं मासिकच काढलं. लेखकांनी आपापली पानं पाठवायची. संपादिकेनं ती एकत्र करून टपालात टाकायची. वाचक तेच, लेखक तेच, भांडणारेही तेच.

ही पानं बहुतेक सायक्लोस्टाइलची. (आपल्याकडची बंडखोर लघुनियतकालिकंही याच शाईत माखलेली, त्यामुळे मला या मंडळींविषयी उगाच भावकी वाटते.) स्टेन्सिल म्हणजे मेण लावलेला पातळ कागद; टाइप केलं की अक्षर त्यात कापलं जातं आणि छापताना त्या फटीतून शाई झिरपते. आधी टाइपरायटरची फीत बाजूला सारायची, म्हणजे अक्षराचा खिळा थेट मेणावर बसतो. खिळे ब्रशनं घासून घ्यायचे, नाहीतर 'ई' आणि 'ओ'च्या पोटात मेण साचतं. हात हलका पडला तर पूर्णविराम उमटत नाही. जड पडला तर 'ओ'चा मधला तुकडाच गळून पडतो आणि छापताना तिथे काळा ठिपका येतो. 'गॉब्लिन'च्या इंग्रजी स्पेलिंगात एक 'ओ' आहे, 'डोअर'मध्ये दोन. तळघरातल्या खेळात दारं किती असतात, याचा हिशेब तुम्हीच करा.

चूक झाली तर स्टेन्सिल पाठच्या कागदापासून जरा उचलायची, मध्ये पेन्सिल सरकवायची, चुकीवर दुरुस्तीच्या द्रवाचा पातळ हात फिरवायचा, वाळू द्यायचं, मग हलकेच पुन्हा ठोकायचं. घाई केली की ती खालच्या कागदाला चिकटते. जाड थर दिला की अक्षर कापलंच जात नाही. नकाशा तर छळच: लोखंडी टोकाच्या लेखणीनं चौकोन आखताना दोन रेघा जिथे छेदतात, तिथेच कागद फाटतो. म्हणजे नेमका खोलीचा कोपरा. नायकानं जिथे खजिना शोधायचा, तिथे शाईचं डबकं.

मग छपाई. धरा, शंभर पानांचा अंक, दोनशे प्रती. पाठपोट छापलं तरी प्रत्येकी 50 कागद, म्हणजे 10,000 कागद. 500 ची वीस रिमं. पहिली बाजू वाळण्याआधी गठ्ठा लावला तर शाई वरच्या कागदाच्या पाठीला लागते. म्हणून दोन प्रतींमध्ये कोरा कागद सरकवायचा, किंवा शाई पिणारा खरखरीत कागद घ्यायचा. दमट हवेत दोन कागद एकदम आत जातात, म्हणून रिम आधी पंख्यासारखी फुलवून घ्यायची. हे न करता यंत्राला शिव्या देणाऱ्याबद्दल मला जराही सहानुभूती नाही. शेवटी टेबलाभोवती फिरत पानं क्रमानं उचलायची. पन्नास कागदांपुढे साधा स्टेपलर हात टेकतो. पिन आत शिरते ती वाकडी होऊनच.

एवढं करून जूनच्या अंकात कुणी विचारतं, जादूगाराला तलवार का नको? जुलैत चौघं उत्तरं देतात. ऑगस्टमध्ये प्रश्नकर्ता लिहितो, मला तसं म्हणायचंच नव्हतं. एका 'नव्हतं'साठी पुन्हा स्टेन्सिल कापायची.