तोरण, टॅग आणि शेंगांची पुडी

टोलनाक्याचा हा विषय पुन्हा काढायचा नाही, अशी घरातल्या तिघांनीही मला ताकीद दिली आहे. म्हणून बोलत नाही, लिहितो.

२०२५ च्या नाताळची सुट्टी. पुण्याहून कोल्हापूर. पुढच्या सीटवर आई (मागे बसली की तिला मळमळतं), मागे बायको आणि चिरंजीव, डिकीत तीन दिवसांसाठी अकरा डाग. मी आयुष्यभर एसटीने फिरलेला माणूस. एसटीत टोल ही ड्रायव्हरची डोकेदुखी. आपण खिडकीला डोकं टेकायचं आणि नाका आला की झोपेतच कूस बदलायची. गणपतीत सेकंडहँड गाडी घेतली आणि ही तिची हायवेवरची पहिलीच फेरी. फास्टॅग (टोल आपोआप कापणारा, काचेवर चिकटवायचा टॅग) २०२१ च्या फेब्रुवारीत सक्तीचा झाला हे मला माहीत होतं, पण ते शेजारच्या मुलाचं लग्न ठरल्याचं माहीत असावं तसं. आपल्याला काय त्याचं?

तर नाका आला. पुढची गाडी सुळकन गेली. माझ्यासमोर दांडा खाली आला आणि खालीच राहिला.

‘‘वाचत नाहीये,’’ खिडकीतला पोरगा म्हणाला.

माझ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर नेमका हाच शेरा होता, त्यामुळे क्षणभर मी मागे बघितलं.

‘‘टॅग वाचत नाहीये. हातातलं मशीन चार्जिंगला लावलंय. रोख दिले तर डबल, यूपीआयने दिले तर सव्वापट.’’

म्हणजे शंभराचे सव्वाशे, नाहीतर दोनशे. टॅगमध्ये पैसे होते. आदल्या रात्री मी स्वतः भरले होते, बायकोला दोनदा दाखवले होते. मी मेहुण्याला फोन लावला. त्याने ऑगस्टमध्येच तीन हजारांचा वार्षिक पास काढलाय, दोनशे फेऱ्यांचा, आणि तेव्हापासून तो स्वतःला महामार्गाचा माजी मंत्री समजतो. तो म्हणाला, ‘‘भावजी, अजिबात पैसे देऊ नका! टॅग चालू असेल, त्यात पैसे असतील आणि नाक्याचंच यंत्र बिघडलं असेल, तर फुकट सोडायचा नियम आहे. शून्य रुपयांची पावती मागा!’’

मी शून्य रुपयांची पावती मागितली. पोरग्याने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू शून्य रुपयांची मिसळ मागितली होती. ‘‘यंत्र बिघडलेलं नाही. तुमच्या पुढची गाडी गेली की!’’ आता यावर काय बोलणार? मागून लक्झरीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

आणि तेव्हा तो आला. डोक्याला मफलर, हातात टोपली, टोपलीत भाजलेल्या शेंगांच्या पुड्या. एखादा वैद्य नाडी बघायला बसतो तसा काचेपाशी वाकला.

‘‘वाईच मागं घ्या सायेब. दोन फूट.’’

‘‘मागे लक्झरी आहे.’’

त्याने नुसता हात वर केला. लक्झरी मागे गेली! माझ्या पंधरा मिनिटांच्या विनवण्यांनी जे झालं नव्हतं ते शेंगांच्या टोपलीने केलं. मी दोन फूट मागे गेलो. काही नाही. ‘‘आता जरा पुढं. हां, बास. आता गाडी बंद करा. चालू करा.’’ टॅगमध्ये बॅटरी नसते, वरच्या अँटेनातून येणाऱ्या रेडिओ लहरींवरच तो जागा होतो, हे मी नंतर वाचलं. इंजिन बंद-चालू केल्याने त्याला काडीचा फरक पडत नाही. पण त्या क्षणी मला त्याने गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घालायला सांगितल्या असत्या तरी मी घातल्या असत्या.

‘‘थंडीचं वरच्या पेटीला दिसत न्हाय,’’ तो म्हणाला. ‘‘आजी, पुडी घ्या तवर. ईस रुपयं.’’

‘‘तीन घेतल्या तर?’’ आई.

‘‘तीनचं साठ.’’

‘‘पन्नासला दे.’’

मागे हॉर्न, समोर दांडा, आणि माझी आई पुडीचं तोंड उघडून शेंगा खवट आहेत का बघतेय. ‘‘अगं आई!’’ मी ओरडलो. ती म्हणाली, ‘‘तुझं चाललंय ना तुझं? माझं मला करू दे.’’

तो काचेला टेकून निवांत बोलायला लागला. पूर्वी म्हणे दिवसाला चार टोपल्या खपायच्या. सुट्ट्या पैशांवरून भांडणं, लांबच लांब रांगा, गाडीत रडणारी पोरं. पोरगं रडलं की पुडी खपलीच. ‘‘ह्यो टॅग आला आन् धंदा बसला बघा. लोकं थांबतच न्हाईत. आता सायेब, तुमच्यासारख्यांवर घर चालतंय.’’

तुमच्यासारख्यांवर. मी महाराष्ट्रातल्या एका कुटुंबाचा पोशिंदा आहे हे मला असं, दांड्यासमोर कळलं.

शेवटी बायकोने मागच्या सीटवरून, चकार शब्द न बोलता, आपल्या फोनवरून सव्वापट भरले. (हे न बोलणं कोल्हापूर येईपर्यंत टिकलं.) दांडा वर गेला. मी गिअर टाकतोय तोच शेंगवाला खिडकीत वाकला आणि काचेच्या वरच्या बाजूला बोट दाखवून म्हणाला, ‘‘आन् ते चमकीचं तोरण काढा. टॅगाच्या म्होरंच आलंय. मी तर लांबूनच बघितलं हुतं.’’

लांबूनच!

ते तोरण आईने दसऱ्याला बांधलं होतं. सोनेरी झिरमिळ्यांचं, आरशामागे, बरोबर त्या टॅगवरून. धातूचा पातळ मुलामा दिलेलं काहीही मध्ये आलं तर रेडिओ लहरी अडतात म्हणे. दिवाळी झाली तेव्हाच मी काढायला निघालो होतो. ‘‘संक्रांतीपर्यंत काढत नाहीत,’’ असं आईने ठणकावलं होतं. हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

मी रस्त्याच्या कडेला गाडी लावली, तोरण सोडलं आणि समोरच्या खणात कोंबलं. आई खिडकीबाहेर बघत शेंगा फोडत बसली. टरफलं माझ्या बाजूला.

पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर फोन वाजला. बँकेचा मेसेज: त्याच नाक्याचा टोल टॅगमधून कापला गेला आहे.

म्हणजे टॅग वाचला गेला होता! मागे घेताना, पुढे घेताना, कुठल्या तरी एका क्षणी त्या पेटीने गुपचूप वाचला आणि कुणाला सांगितलं नाही. एकदा सव्वापट, एकदा पूर्ण, शंभरावर सव्वादोनशे. रोखीने दोनशे दिले असते तर बरं, असं म्हणणार होतो, पण तेव्हाही वरचे शंभर कापले गेलेच असते. कोल्हापुरात पोहोचून तक्रार केली. बाई म्हणाली, पावतीचा फोटो पाठवा, टॅगचा फोटो पाठवा, गाडीचा समोरून फोटो पाठवा, बाजूने पाठवा. यंत्राने माझं एक अक्षर वाचलं नाही तर दंड मला, आणि वाचून गप्प बसलं तर पुरावा मी गोळा करायचा. आमच्या लग्नातसुद्धा गाडीचे इतके फोटो काढले नव्हते. पैसे अजून यायचेत.

‘‘बघ,’’ आई मेसेज ऐकून म्हणाली, ‘‘तोरणाचा काही दोष नव्हताच.’’

परतीच्या वाटेवर मी तोरण बांधू दिलं नाही. तोच नाका. पलीकडच्या कडेला मफलर दिसला. त्याने आम्हाला ओळखलं, टोपली उचलली आणि लगबगीने निघाला. पण आम्ही पोहोचायच्या आत टप्प असा आवाज आला, दांडा वर गेला, हिरवा दिवा लागला. मागून हॉर्न. थांबायची सोयच नव्हती. आरशात तो टोपली घेऊन उभा राहिलेला दिसला, लहान लहान होत गेला.

‘‘अरे थांब ना जरा, शेंगा!’’ आई म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. खंबाटकीचा बोगदा गेल्यावर म्हणाली, ‘‘म्हणून सांगत होते, तोरण राहू दे.’’