साडेतीन माणसांचं भाडं

लेकीच्या गणिताच्या वहीत, आलेखाखाली लाल शाईने शेरा आलाय : 'बिंदू पट्टीने जोडू नयेत. वक्र काढावा.' लेक आठवीत. पट्टी माझी, शेरा तिला, त्यामुळे कालपासून अबोला.

कोष्टक बरोबर होतं हो! 1 मजूर 120 दिवस, 2 मजूर 60, 3 ला 40, 4 ला 30. कुठलीही जोडी गुणा, 120 च. हेच ते व्यस्त चलन : एक जितक्या पटीने वाढतं, तितक्याच पटीने दुसरं घटतं. पण 1 आणि 2 च्या मध्ये सरळ रेघ मारली की दीड मजुराला 90 दिवस लागतात. खरे लागतात 80. आता दीड मजूर आणायचा कुठून?

ठाणे स्टेशनबाहेर, शेअर रिक्षात.

कासारवडवलीला आम्ही तिघं, माणशी 40. निघता निघता चालकाने चौथा कोंबला. "सरका जरा, साहेब." चौथ्याच्या मांडीवर फणस. वक्र अक्षाच्या जवळ जवळ जातो पण टेकत नाही म्हणतात, तसं माझं बूड आणि सीट.

"दादा, चौघं झालो. आता 30-30 घ्या."

"एकटे असता तर किती दिले असते?"

"120."

"दोघं असता तर?"

"60-60."

"मग? कमी करतोच की मी!"

"आणि चौथ्याचं?"

"चौथा माझा." आरशातून त्याने माझ्याकडे पाहिलं. "कायदा तिघांचाच ना? तुमचं गणित तिथंच संपलं. चौथा मी कायदा मोडून बसवलाय. दंड मला, पैसे मला."

यावर बोलायचं काय? फणसवाला म्हणाला, "हे अर्धेच बसलेत. साडेतीन धरा." मी मुकाट्याने भागाकार केला, 34 रुपये आणि वर काही पैसे. चालक म्हणाला, "सुट्टे आहेत?"

कापूरबावडीला मेट्रोच्या खांबांखाली वीस मिनिटं उभे. मजूर वाढले की दिवस कमी होतात, हे पुस्तकात छापताना घोडबंदर रोडकडे कुणी फिरकलं नसावं. इथे वर्षानुवर्षं मजूरही दिसतात आणि दिवसही वाढतात. लाल शेरा मात्र माझ्या पट्टीला!

मानपाड्याला फणस उतरला. मी नीट टेकतोय तोवर चालकाने कडेच्या एका बाईंना हाक मारली. "या ताई, जागा आहे. साहेब सरकतात."