फुकटची 'टेस्ट' मागणं बंद करा आता

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट लांबेल, पण वाचा.

ऑफिसात ग्राफिक डिझायनरच्या जागेसाठी मुलाखती होत्या. डिझाइनचं मला कळतं म्हणून पॅनलवर बसवलं होतं. दुपारी एक मुलगी आली. पोर्टफोलिओत मोजकीच कामं. शेजारच्या साहेबांनी स्क्रीनवर बोट फिरवत अर्ध्या मिनिटात ती संपवली आणि विचारलं, "कोणकोणती सॉफ्टवेअर येतात?" तिनं सांगितलं. लगेच पुढे, "ठीक आहे. आमचं नवीन प्रॉडक्ट येतंय. लोगो, पॅकेजिंग आणि सोशल मीडियाच्या दहा पोस्ट सोमवारपर्यंत पाठवा, टेस्ट म्हणून. मग बघू."

ती शांतपणे म्हणाली, "सर, एवढं काम टेस्ट म्हणून नाही करता येणार. दोन तासांचं काही असेल तर आत्ता इथे बसून करते. हेच हवं असेल तर मानधन ठरवून करू." साहेब हसले. ती दाराबाहेर पडते न पडते तोच शेरा आला, "ॲटिट्यूड आहे."

कसला ॲटिट्यूड? ते प्रॉडक्ट खरंच बाजारात येणार आहे. आलेल्या प्रत्येकाकडून लोगो मागवायचा, त्यातला बरा दिसेल तो ठेवायचा, आणि बाकीच्यांना साधा नकाराचा मेलसुद्धा नाही. याला मुलाखत म्हणत नाहीत, फुकटात काम काढून घेणं म्हणतात. अकाउंटंट घेताना 'आमचं यंदाचं रिटर्न भरून दाखवा, आवडलं तर ठेवू' असं म्हणतो का आपण?

आणि राग फक्त फुकटेपणाचा नाही. समोर उघडं पडलेलं काम कुणी पाहिलंच नाही, याचा जास्त आहे. तिच्या पोर्टफोलिओत एक औषधांचा तक्ता होता. वयस्कर पेशंटना घरी भिंतीवर लावायचा, कोणती गोळी कधी घ्यायची ते सांगणारा. दिसायला अगदी साधा. मी विचारलं, "याबद्दल सांगा ना."

तिनं आधी टाकून दिलेला मसुदा उघडला. त्यात सकाळच्या गोळीला हिरवा ठिपका आणि रात्रीच्या गोळीला लाल. हा तिनं स्वतःच बाद केला होता, कारण काही लोकांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, पुरुषांमध्ये हे प्रमाण जास्त. शिवाय तक्त्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढली की दोन्ही ठिपके सारखेच करडे. म्हणून मग सकाळसाठी पोकळ गोल आणि रात्रीसाठी भरीव चंद्रकोर. अक्षर मोठं केल्यावर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकायला लागले. तिनं अक्षर पुन्हा बारीक केलं नाही. दोन ओळींमधलं अंतर वाढवलं, आणि जागा पुरेना तेव्हा डॉक्टरांच्या मागे लागून मजकूरच कमी करून घेतला.

मजकूर कमी करून घेतला! डिझायनरमध्ये याहून काय बघायचं असतं? इथेच मुलाखत झाली होती खरं तर. वाचणारा कोण, तो कागद कुठे लागणार, त्याची झेरॉक्स निघेल का, हा सगळा विचार तिच्या डोक्यात होता. सॉफ्टवेअर काय, आज हे आहे, उद्या दुसरं येईल.

हो, पोर्टफोलिओ ढापलेले असतात, मान्य. टीममध्ये दहा जणांनी केलेलं काम एकटा स्वतःच्या नावावर दाखवतो, आणि आता एआयनं चकचकीत चित्रं काढून आणणारेही येतात. पण मग विचारा ना! यातलं तुम्ही नेमकं काय केलंत? क्लायंटनं आधी काय मागितलं होतं? कुठला पर्याय नाकारला गेला, का? लेयरसकट, म्हणजे चित्राचे सुटे थर दिसतील अशी, मूळ फाइल दाखवाल का? ढापलेलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच समोरचा अडखळायला लागतो. या मुलीला मी थांबवेपर्यंत ती बोलत होती.

हात कसा चालतो ते बघायचंच असेल तर मुद्दाम बिघडवलेली फाइल पुढ्यात ठेवा. छपाईची फाइल, पण फोटो ७२ डीपीआयचे (दर इंचाला ठिपके इतके कमी की छापल्यावर धूसर दिसतील) आणि आरजीबीमध्ये (स्क्रीनच्या रंगांत, छपाईच्या नाही), ब्लीड (कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून पानाबाहेर वाढवलेला भाग) सोडलेलं नाही, बारीक मजकुराचा काळा छपाईच्या चारही शाया मिसळून केलेला. म्हणा, छापायला पाठवण्याआधी तपासा. ज्यानं खरंच प्रेसचं काम केलंय तो फोटो ३०० डीपीआयचे मागेल, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड देईल, आणि बारीक मजकूर नुसत्या काळ्या प्लेटवर घेईल. कारण प्रत्येक शाईची प्लेट वेगळी, आणि चार प्लेटांपैकी एखादी जराशी जरी सरकली, तरी अक्षरांच्या कडेला रंगीत सावली येते आणि वाचवत नाही. तासाभरात माणूस कळतो. तुमच्या प्रॉडक्टचा लोगो कशाला हवाय त्यासाठी?

साहेबांचं आणखी एक आवडतं वाक्य, "चार-पाच ऑप्शन द्या, त्यातलं निवडू." १९८६ मध्ये ॲपलवाले स्टीव्ह जॉब्ज यांनी त्यांच्या नव्या नेक्स्ट या कॉम्प्युटर कंपनीच्या लोगोसाठी नामवंत डिझायनर पॉल रँड यांच्याकडे पर्याय मागितले होते. रँड यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. एकच लोगो दिला, तो का तसा आहे हे समजावणारी पुस्तिका सोबत दिली, आणि १ लाख डॉलर घेतले. प्रत्येक जण रँड नसतो, कळतं मला. नव्या पोरांना असा नकार परवडत नाही, आणि म्हणून तर त्यांच्याकडून उकळलं जातं. आजच्या मुलीला परवडत होतं का, मला माहीत नाही. तरी ती बोलली. त्याचं मला फार कौतुक वाटलं.

माझ्या यादीत बरेच नवे डिझायनर आहेत, त्यांच्यासाठी. बाळांनो, पोर्टफोलिओत वीस कामं कोंबू नका. थोडीच ठेवा, पण त्यांचे फसलेले मसुदे, पेन्सिलीच्या रेघोट्या जपा आणि दाखवा. टीमचं काम असेल तर आपला वाटा स्पष्ट लिहा. आणि टेस्ट आली की तीन गोष्टी विचारा: किती तासांची, पैसे मिळणार का, आणि माझी निवड झाली नाही तर हे काम वापरणार का. नोकरी गरजेची आहे म्हणून फुकट करून दिलंत, तरी मी तुम्हाला बोल लावणार नाही. पण विचारा नक्की.

आमच्याकडचा निकाल अजून लागलेला नाही. सोमवारी मी हे पॅनलपुढे लेखी ठेवतेय. टेस्ट दोन तासांची, सगळ्यांना सारखी, आधीच छापून झालेल्या जुन्या कामावर. मानधन त्याच दिवशी. काम वापरणार नाही असं सहीनिशी. आणि ज्यांना घेणार नाही त्यांना कारणासकट उत्तर. 'एवढं कोण करतं' असं कुणी म्हणेल, मला माहीत आहे. तुमच्याकडे कुणी करत असेल तर खाली लिहा, छापून सोबत नेते.