खुलासा : पाम टीएक्सचं वाय-फाय बिघडलेलं नाही

इंदुरात आपल्या रामबाग-टिळकनगरच्या व्हॉट्सॲप गटांत पाम टीएक्स या खिशात मावणाऱ्या जुन्या हातसंगणकाबद्दल एक निरोप फिरतोय : ‘जुन्या पाम टीएक्सचं वाय-फाय आता कायमचं मेलंय, जोडायचंच असेल तर राउटरचा पासवर्ड काढून टाका.’ दोन्ही गोष्टी चूक आहेत. दुसरी तर घातकच, कारण पासवर्ड काढला की जवळपासच्या कुणालाही तुमच्या जाळ्यात शिरता येतं. कृपया तसं करू नका.

२००५ साली आलेल्या या यंत्राचं वाय-फाय ८०२.११ बी या जुन्या प्रकारचं आहे. ते फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतं आणि त्याचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ११ मेगाबिट. नवा राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असेल तर यंत्राला तो दिसणारच नाही. राउटरवर केवळ डब्ल्यूपीए ३ ही नव्या प्रकारची वाय-फाय सुरक्षा लावली असेल, तर नाव दिसूनही जोडणी होत नाही.

जोडणी झाली तरी आजची बहुतेक संकेतस्थळं उघडत नाहीत. तो दोष वाय-फायचा नाही, जुन्या ब्राउझरला नवी सुरक्षित जोडणी समजत नाही.

आणि टंगस्टन ई २ या पामच्याच दुसऱ्या यंत्रवाल्यांनो, त्यात अंगचं वाय-फाय नाहीच, ब्लूटूथ आहे. तिथे वाय-फायची सेटिंग शोधत बसू नका. दोन्ही यंत्रांतले पत्ते नि नोंदी यंत्रातच असतात, त्यासाठी इंटरनेट लागत नाही.