यांचं कोणाशी भांडण होतं?

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी अण्वस्त्रधारी देशांची क्रमवारी टाकली. रशिया पहिला, अमेरिका दुसरी, खाली कुठेतरी आपला तिरंगा, आणि त्याखाली एरवी अत्यंत सौम्य असलेल्या एका गृहस्थांची टिप्पणी: 'आपणही एकदा दणदणीत हायड्रोजन बॉम्ब फोडून दाखवावा, म्हणजे सगळे सरळ येतील.' त्यावर अंगठ्यांचा नुसता पाऊस. मी तिथे काही लिहिले नाही, कारण तिथला कोणताही वाद शेवटी पार्किंगवर जातो. इथे लिहिते आहे, कारण इथल्या मंडळींना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

काही वर्षांपूर्वी मी नोकरीनिमित्त तोक्योत निशी-कसाईला राहत असताना आईबाबा आले होते. तिथून जवळच युमेनोशिमा नावाच्या बागेत एका मोठ्या दालनात एक जुनी लाकडी मासेमारी नौका ठेवलेली आहे. तिचे नाव दाइगो फुकुर्यू मारू. बाबा मूळचे हर्णैचे, त्यामुळे नौका म्हटल्यावर त्यांचे पाय आपोआप वळले. त्यांनी तिला सावकाश एक फेरी घातली, फळ्यांचे सांधे निरखले आणि मग मला विचारले, "यांचं कोणाशी भांडण होतं गं?"

कोणाशीही नव्हते. १ मार्च १९५४ च्या पहाटे ते २३ खलाशी टूना पकडत होते, तेही अमेरिकेने जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर. प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर त्या दिवशी अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बची 'कॅसल ब्राव्हो' ही चाचणी झाली. स्फोट सुमारे ६ मेगाटनांचा होईल असा शास्त्रज्ञांचा हिशेब होता. प्रत्यक्षात तो १५ मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमाच्या सुमारे हजारपट झाला. बॉम्बच्या इंधनातील लिथियम-७ निष्क्रिय राहील असे त्यांनी गृहीत धरले होते, ते राहिले नाही. पोवळ्यांची किरणोत्सारी पांढरी राख नौकेवर कित्येक तास पडत राहिली. वायरलेस सांभाळणारे आइकिची कुबोयामा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारले. जवळच्याच रोंगेलाप बेटावरच्या लोकांना तर तिथून हलवायलाच दोन दिवस लागले.

आणि आम्ही अंगठे दाखवतो!

मला संताप येतो तो या हिशेबाच्या भाषेचा. दोघांकडेही सर्वनाश करण्याची ताकद असली की दोघेही शहाण्यासारखे वागतात, हे वाक्य टीव्हीवरचे निवृत्त अधिकारी भूमितीतला सिद्धांत सांगावा तसे सांगतात. त्या काळातले जगातले उत्तमोत्तम पदार्थवैज्ञानिक एका स्फोटाच्या हिशेबात अडीचपट चुकले, आणि घाबरलेल्या, झोप न झालेल्या राज्यकर्त्यांचा हिशेब मात्र प्रत्येक वेळी अचूक येईल, यावर आपण विश्वास ठेवायचा. क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी झालेल्या पेचात, २७ ऑक्टोबर १९६२ रोजी, एका सोव्हिएत पाणबुडीवर अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो सोडण्याची वेळ आली होती आणि वासिली अर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने त्याला विरोध केला, असे त्या पाणबुडीवरच्यांनीच नंतर सांगितले. याला सिद्धांत म्हणायचे की नशीब?

महासत्तांमध्ये थेट महायुद्ध झाले नाही, हे मान्य. नाइलाजाने, पण मान्य.

मात्र त्याचे सगळे श्रेय बॉम्बला देऊन आपण मोकळे होतो, ते मला पटत नाही. क्युबानंतर वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोन्ही राजधान्यांमध्ये हॉटलाइन आली, १९७२ मध्ये क्षेपणास्त्रांवर पहिली बंधने आली, १९८७ मध्ये मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा एक पूर्ण वर्गच मोडीत काढायचे ठरले. या सगळ्यामागे वर्षानुवर्षांची कंटाळवाणी, स्वल्पविरामावरून अडणारी बोलणी होती. त्या साखळीतला अमेरिका आणि रशिया यांच्यातला शेवटचा करार, न्यू स्टार्ट, ५ फेब्रुवारी २०२६ रोजी संपला. प्रत्येकी १,५५० तैनात अण्वस्त्रांची मर्यादा आणि वर्षाला प्रत्येकी १८ प्रत्यक्ष तपासण्यांची तरतूद त्याच्याबरोबर गेली. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर हळदीकुंकवाचे फोटो होते. असू देत, मीही त्यात होतेच.

बाबांविषयी गैरसमज नको. मे १९९८ मध्ये पोखरणनंतर त्यांनी शाळेत पेढे वाटले होते, आणि ती नौका पाहून आल्यावरही त्यांना त्याचा पश्चात्ताप वाटलेला नाही. शेजारी दोन अण्वस्त्रधारी असताना आपण रिकाम्या हाताने बसायचे का, असे ते विचारतात, आणि त्यावर माझ्याकडे चटकन देण्यासारखे उत्तर नसते. परंतु त्याच रात्री जेवताना ते पुन्हा त्या खलाशांवर आले. पकडलेले मासे बंदरावर उतरवले तेव्हा ते विकले गेले असतील का, याची त्यांना काळजी. लोकांनी मासे खाणेच सोडले होते, हे मी त्यांना सांगितले. पुढे तोक्योच्याच सुगिनामी भागातल्या गृहिणींनी हायड्रोजन बॉम्बविरुद्ध सह्या गोळा करायला सुरुवात केली आणि वर्ष-दीड वर्षात देशभरातून ३ कोटींहून अधिक सह्या जमल्या. त्यावर बाबा म्हणाले, "बायकांनीच केलं असणार."

आपल्याकडेही तेव्हा शांतता नव्हती. २ एप्रिल १९५४ रोजी, म्हणजे ब्राव्होनंतर महिन्याभरात, नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या निदान थांबवून ठेवण्याचा करार व्हावा अशी मागणी केली. आपल्याकडे तेव्हा एकही अण्वस्त्र नव्हते. नेहरू भाबडे होते असे लिहायला ज्यांची बोटे शिवशिवत असतील, त्यांनी खुशाल लिहावे. परंतु ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या न करण्याच्या करारावर सह्या केल्या, आणि भारतही त्यात लगेच सामील झाला, हेसुद्धा त्याच कॉमेंटमध्ये लिहावे.