साठ खोडांची पाणबुडी

आम्ही जळगावची माणसं. आमच्यासाठी अथांग जलाशय म्हणजे वाघूर धरण, आणि त्यातलं आमचं म्हणावं असं पाणी नळाला येईल तेवढंच. म्हणून मे महिन्यात पारा 45 वर गेला आणि मी विशाखापट्टणमला समुद्र बघायला जायचं जाहीर केलं, तेव्हा घरात दिवाळी झाली. तिथल्या रामकृष्ण बीचवर नौदलाची ‘कुरसुरा’ ही खरीखुरी पाणबुडी संग्रहालय करून ठेवली आहे आणि मी निघालोय तो तिच्यासाठी, हे मात्र पोटात ठेवलं. पोटात जागा भरपूर आहे.

पाणबुडी दिसताच सासूबाई थबकल्या. “हाई त पाइप शे!” जळगावच्या माणसाला पाइप ओळखायला शिकवावं लागत नाही. लांबी 91 मीटर, असं मी ऐटीत सांगितलं. शालकाने लगेच हिशेब मांडला : पाच-पाच फुटांवर केळी लावली तर एका ओळीत साठ खोडं. मग सगळ्यांना लांबी कळली.

आत शिरण्यापूर्वी मी इतिहास सुरू केला. 1971 चं युद्ध, 3 आणि 4 डिसेंबरच्या मधली रात्र, याच किनाऱ्यासमोर पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी बुडाली... “आणि ती बुडवली हिनेच!” हे शेवटचं वाक्य माझं स्वतःचं. नौदलातून निवृत्त झालेले गाइड शांतपणे म्हणाले, “नहीं साहब, कुरसुरा उस वक्त अरबी समुद्र में थी.”

“म्हंजे आपल्या मुंबईकडे?” सासूबाईंनी विचारलं. “मंग इतलं दूर कसाले उनूत आपन?”

एवढ्या लांब का आलो, याला उत्तर नव्हतं. मी आत शिरलो.

आत टॉर्पेडोच्या, म्हणजे पाण्याखालून सोडायच्या अस्त्रांच्या नळ्या. व्यास 533 मिलिमीटर. चिरंजीव म्हणाले, “पप्पा, यातून तुम्ही आरामात जाल.” कौतुक वाटलं. ते कौतुक पुढच्या गोल दरवाजापर्यंत टिकलं.

अशा पाणबुडीचे सात कप्पे असतात. एका कप्प्यात पाणी शिरलं तर तो बंद करून बाकीचे वाचवायचे, म्हणून मधली दारं लहान. पाणी अडवणारं दार मला का सोडेल? डोकं गेलं, एक पाय गेला, आणि महिनाभराचा आमरस अलीकडेच राहिला. मागे रांग. कुठल्याशा शाळेची सहल असावी. पोरं माझ्याकडे प्रदर्शनातली वस्तू म्हणून बघत होती. “साँस छोड़िए,” गाइड म्हणाले. सोडला. शालकाने मागून रेटा दिला, आणि केळीचा घड ट्रकमधून उतरावा तसा मी पलीकडे उतरलो.

पलीकडे सासूबाई स्वयंपाकघरापाशी उभ्या होत्या. पाऊणशे माणसांचं जेवण एवढ्याशा खोपटात! त्यांनी तिथल्या न दिसणाऱ्या आचाऱ्याला मनापासून हात जोडले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

बाहेर आलो तर रस्त्यापलीकडे नौदलाचं टीयू-142 विमानही संग्रहालय करून ठेवलेलं. घरच्यांनी तिकडे धाव घेतली. मी तिकीट खिडकीशी जाऊन आधी दरवाजा केवढा आहे ते विचारलं.

जळगावला परतल्यावर शेजारच्या काकू सासूबाईंना विचारत होत्या, “कसा होता हो समुद्र?”

“समुद्र राहू द्या,” सासूबाई म्हणाल्या, “आमच्या जवाईबापूंनी पानबुडी बंद पाडली.”