‘मुलांना इतिहास कळू नये का?’ : ‘छावा’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘छावा’ला दहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका, असं गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. सिनेमा यूए आहे, आईवडील सोबत असले की चालतो. शंभूराजांनी काय सोसलं ते मुलांना कळलंच पाहिजे. आणि तुमची सात वर्षांची मुलगी शेवटी रडली, ते इतिहास काळजाला भिडला म्हणून. तिन्ही मुद्दे मनापासून मांडले आहेत, म्हणून उत्तर थोडं लांबेल.

पहिल्या मुद्द्यातली एक गोष्ट मान्य. लेखात ‘सोळा वर्षांखाली मनाई’ असं लिहिलं गेलं होतं, ते चूक होतं आणि आता दुरुस्त केलं आहे. मनाई फक्त ‘ए’ प्रमाणपत्राला असते, अठराच्या आतल्यांना. यूए ही पालकांसाठीची सूचना आहे. २०२३च्या कायदादुरुस्तीआधी यूएला एकच रेघ होती, बारा वर्षांची. त्यामुळे हलकीफुलकी मारामारी आणि भयंकर रक्तपात दोन्ही एकाच शिक्क्याखाली यायचे. आता ७+, १३+ आणि १६+ अशा तीन पायऱ्या आहेत. ‘छावा’ला सेन्सॉर बोर्डाने यूए १६+ दिलं. सातची आणि तेराची पायरी हाताशी असताना सोळाची निवडली, याकडे लक्ष द्या. हा आकडा दारावरच्या माणसाने अंमलात आणायचा नसतो, तो पालकांनी विचार करावा म्हणून असतो. तेव्हा दारात कुणी अडवलं नाही, एवढ्यावरून सिनेमा सात वर्षांच्या मुलीला चालतो असं ठरत नाही. निर्णय तुमचाच, पण तो तिकीट काढायच्या आधी घ्यायचा. प्रमाणपत्र पडद्यावर दहा सेकंद दिसतं, तोवर आपण खुर्चीत बसलेले असतो. तिकीट बुकिंगच्या ॲपवर नावाजवळच ते लिहिलेलं असतं. तिथे ‘यूए’वर न थांबता पुढचा आकडा वाचा.

आता ‘आम्ही सोबत होतो ना’ याबद्दल. सोबतीचा उपयोग नक्की होतो, पण वयानुसार वेगळा. पाच-सहा वर्षांपर्यंतचं मूल मुख्यतः जे दिसतं आणि ऐकू येतं त्याला घाबरतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात जोआन कँटर यांनी मुलांच्या या भीतीवर अनेक वर्षं संशोधन केलं. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या टीव्ही मालिकेत साधा माणूस हिरव्या राक्षसी देहात बदलतो, तो प्रसंग बालवाडीच्या वयाच्या मुलांना फार घाबरवायचा. तो नायकच आहे आणि मदतीला आला आहे, हे मोठ्या मुलांना कळायचं, लहानांना रूपच दिसायचं. अशा वयाला समजावून सांगणं फारसं कामाला येत नाही. मांडीवर घेणं, हात धरणं, पाणी देणं, उठून बाहेर नेणं कामाला येतं.

सात-आठच्या पुढे गंमत उलटते. मुलाला खरं-खोटं कळू लागतं, त्यामुळे भुताखेतांची भीती कमी होते आणि खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टींची वाढते. या वयात आपला हुकमी उपाय एकच असतो : ‘अगं, ते खोटं आहे, लाल रंग आहे तो.’ ‘छावा’च्या शेवटी तुम्ही हे वाक्य बोलू शकत नाही. नखं, डोळे, जीभ यांवरचे अत्याचार पडद्यावर दिसतात, मुलगी विचारते ‘हे खरं झालं होतं का?’ आणि प्रामाणिक आईबाप ‘नाही’ म्हणू शकत नाहीत. ऐतिहासिक सिनेमा म्हणून सवलत द्यावी असं बहुतेकांना वाटतं. माझ्या मते तिथेच जास्त जपायला हवं, कारण धीर देण्याचं सगळ्यात सोपं साधन आपल्या हातून गेलेलं असतं.

दुसरा मुद्दा, इतिहास कळण्याचा. कळायलाच हवा, आणि सात वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं शंभूराजांच्या आयुष्यात खूप आहे. १४ मे १६५७ला पुरंदरावर जन्म. सईबाई गेल्या तेव्हा ते जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. कापूरहोळच्या धाराऊने दूध पाजलं, जिजाऊंनी वाढवलं. १६६६मध्ये वडिलांबरोबर आग्र्याला गेले तेव्हा वय नऊ. नऊ वर्षांचा मुलगा घरापासून इतक्या दूर, शत्रूच्या दरबारात, आणि परतीच्या वाटेवर वडिलांपासून वेगळा राहिलेला : तुमच्या मुलीला यातला प्रत्येक क्षण स्वतःच्या वयावरून समजेल. त्यांनी संस्कृतात ‘बुधभूषण’ रचला, हेही सांगा. तुळापूरही सांगा. ‘औरंगजेबाने फार हाल केले, पण राजे झुकले नाहीत’ एवढं वाक्य या वयाला पुरतं. पुढचं ती विचारेल तेव्हा, आणि विचारेल तेवढंच.

‘आम्ही लहानपणी सगळं ऐकलं, काय झालं?’ असंही तुम्ही विचारलंत. ऐकलं, हा शब्द महत्त्वाचा. आजी गोष्ट सांगते तेव्हा तिची नजर नातवाच्या चेहऱ्यावर असते; चेहरा उतरला की ती आवाज बदलते, दोन वाक्यं गाळते, आणि उरलेलं चित्र मूल स्वतःला झेपेल तेवढंच रंगवतं. पडदा कुणाचा चेहरा पाहत नाही. तो जखम जवळून दाखवतो, पुन्हा दाखवतो, आणि सोबत आवाज असतो. चित्रपटगृहाची ध्वनियंत्रणा ८५ डेसिबलच्या प्रमाण पातळीला जुळवतात. एकेका चॅनेलचा, म्हणजे एका दिशेच्या स्पीकरचा, आवाज १०५पर्यंत चढू शकतो. प्रत्येक थिएटर तेवढं लावत नाही, पण डोळे झाकलेल्या मुलाला किंकाळ्या ऐकू येतच राहतात. डोळे झाकण्यापेक्षा कान झाकणं कधीकधी जास्त उपयोगी पडतं, हे फार थोड्या पालकांच्या लक्षात येतं.

म्हणून कुठलाही सिनेमा निवडताना फक्त ‘मारामारी आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. २००४चा ‘श्वास’ आठवा. त्यात युद्ध नाही की शत्रू नाही. आजोबा आहेत, नातू आहे, आणि त्या लहान मुलाचे डोळे कर्करोगामुळे जाणार आहेत. सिनेमा म्हणून तो उत्तमच आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला तो कुठल्याही तलवारबाजीपेक्षा खोल घाबरवू शकतो, कारण संकटात सापडलेला त्याच्याच वयाचा आहे आणि वाचवायला आलेले डॉक्टरच डोळे काढणार आहेत. तेव्हा पाहायचं ते असं : संकट कुणावर येतं, मुलावर किंवा आईबापावर येतं का? इजा शरीरावर जवळून दिसते का, विशेषतः डोळे, चेहरा, हात? भीतीचा प्रसंग किती लांबतो आणि मध्ये मोकळा श्वास मिळतो का? आणि सिनेमा संपतो कुठे? सगळ्यात जास्त वजन मी शेवटच्या प्रश्नाला देतो. मध्यंतराआधीचा भयंकर प्रसंग पुढच्या तासाभरात थोडा विरतो. शेवटचा प्रसंग मूल तसाच घेऊन घरी जातं आणि झोपतं.

ही माहिती ट्रेलरमधून मिळत नाही. दोघांपैकी एकाने आधी पाहून येणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग. ते जमत नसेल तर आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या संकेतस्थळावरचा पालकांसाठीचा विभाग वाचा. तिथे प्रेक्षक प्रसंगवार नोंदी करतात. ब्रिटनमध्ये प्रदर्शित होणाऱ्या हिंदी सिनेमांसाठी तिथल्या सेन्सॉर मंडळाच्या, बीबीएफसीच्या, संकेतस्थळावर हिंसा, धाक, भाषा यांची स्वतंत्र माहिती असते. ती मोफत आहे, आणि लंडनच्या मराठी पालकाइतकीच पुण्यातल्या पालकालाही उपयोगी आहे.

थिएटरला नेणारच असाल तर दुपारचा खेळ घ्या, म्हणजे सिनेमा आणि झोप यांत चार-पाच तास जातील. खुर्ची मागच्या ओळीत, जाण्यायेण्याच्या वाटेच्या कडेची. आत जाण्याआधी खूण ठरवा : हात दोनदा दाबला की आपण उठायचं, कारण विचारायचं नाही. मग तिने हात दाबला की खरंच उठा. ‘थांब गं, आता संपेलच’ असं एकदा म्हटलंत की ती पुन्हा हात दाबणार नाही.

घरी ओटीटीवर दिवा लावून, आवाज कमी करून आणि हातात रिमोट ठेवून पाहता येतं, एवढा फायदा आहे. तोटा असा की मूल एकटंच तो सिनेमा पुन्हा लावू शकतं. २०२१च्या नियमांनुसार १३+ आणि त्यावरच्या मजकुरासाठी पालक-कुलूप देणं ओटीटींना बंधनकारक आहे, पण ते चालू आपल्यालाच करावं लागतं. मुलांचं वेगळं प्रोफाइल काढून भागत नाही. मोठ्यांच्या प्रोफाइललाही पिन लावा, नाहीतर मूल एका बोटाने तिकडे जातं.

आता तुमची मुलगी. ती रडली ती अभिमानाने की भीतीने, हे तुम्हाला थिएटरमध्ये कळणार नाही, मलाही इथून कळणार नाही. दोन्ही एकत्रही असू शकतं. ‘घाबरलीस का?’ असं विचारू नका. शूर राजाच्या सिनेमानंतर कुठलंही मूल ‘नाही’च म्हणेल. तिला सगळी गोष्ट सांगायला सांगा, किंवा चित्र काढायला द्या. गोष्टीत घोडे, गड, सिंह, येसूबाई आल्या तर बरं आहे. फक्त डोळे आणि जीभच येत राहिली तर ते चित्र मनात अडकलं आहे. एकटीने बाथरूमला न जाणं, रात्री दिवा मागणं, नखं कापू न देणं, तोच प्रश्न दिवसातून अनेकदा विचारणं याकडेही लक्ष ठेवा. अशा वेळी ‘शंभूराजे रडले का? मग तू का रडतेस?’ असं चुकूनही म्हणू नका; भीती जात नाही, ती फक्त तुमच्यापासून लपवली जाते. काही रात्री जवळ झोपवा, दिवा राहू द्या. दोन-तीन आठवड्यांनीही झोप सुधारली नाही, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

आणि गोष्ट जिथे थांबली तिथे तिला सोडू नका. सिनेमा साखळदंडांपाशी संपतो, इतिहास तिथे संपत नाही. त्याच वर्षी, १६८९मध्ये, संताजी घोरपड्यांनी औरंगजेबाच्या छावणीवर छापा घालून त्याच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून आणल्याची हकिकत तिला सांगा. राजाराम महाराज जिंजीला कसे पोचले ते सांगा, ताराबाईंची लढाई सांगा. तिच्याएवढ्याच वयाचे शाहू आई येसूबाईंबरोबर मोगलांच्या कैदेत गेले आणि १७०७मध्ये, औरंगजेब दख्खनमध्येच मेल्यावर, सुटून परत आले, तेही सांगा. रोज रात्री एक प्रसंग, दिवा लावून, तिच्या चेहऱ्याकडे बघत.